ओव्हनमधले चिकन कोफ्ते : अंदाज कुठे, माप कुठे



मंडळाच्या पुस्तिकेत पाककृती म्हटलं की उकडीचे मोदक, पुरणपोळी, फार तर नारळीभात. यंदा 'डबा गटा'ला एक पाठ लिहायला सांगितलं तेव्हा आम्ही ठरवलं, की सणाचा नाही, रोजच्या जेवणाचा पदार्थ द्यायचा. घरातल्या सहा जणांनी एका टेबलावर बसून खावा असा. आजोबांना मसालेदार, मुलांना सौम्य आणि आजारी माणसाला पचेल असा, आणि तोही एकाच ट्रेमधून! तर हे ओव्हनमध्ये भाजलेले चिकन कोफ्ते. मुलांच्या भाषेत मीटबॉल.

ज्यांना डबा गट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. न्यू जर्सीत राहणारी आम्ही आठ घरं आहोत. मंडळातल्या कुणाच्या घरी आजारपण, ऑपरेशन, बाळंतपण किंवा दुःखाचा प्रसंग आला, की आम्ही पाळीपाळीने रात्रीचं जेवण पोचवतो. इथे शेजारी आई-मावशी-काकू नसतात. असतो तो फोन, आणि फोनवरून वरण-भात पाठवता येत नाही. या पुस्तिकेच्या विक्रीतून आणि तुमच्या देणग्यांतून जो निधी जमतो, त्यातून या डब्यांचा किराणा, गरम राहणाऱ्या पिशव्या आणि डबे येतात. तेव्हा हा पाठ एका अर्थी हिशेबही आहे. तुमचे पैसे कुठे जातात आणि आम्ही काय शिकलो, ते दोन्ही यात आहे.

एक फसलेला बुधवार

आधी आमची चूक सांगतो, कारण धडा तिथूनच सुरू होतो.

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये आमच्यातल्या एका वहिनींची किमोथेरपी सुरू होती. (त्यांच्या परवानगीनेच हे लिहितो आहोत.) घरात त्या, त्यांचे यजमान, दोन मुलं आणि भारतातून मदतीला आलेले सासू-सासरे. आजी गुरुवार आणि शनिवार पाळणाऱ्या, म्हणून चिकनचा डबा बुधवारी ठरला. तळणाचा वास वहिनींना सहन होत नव्हता. मग आमच्यापैकी एकीला कल्पना सुचली : आपल्या घरी ओव्हनमध्ये कोफ्ते भाजू आणि तयार नेऊन देऊ. त्यांच्या घरात वास नको, तेल नको आणि भांडीही नकोत.

कोफ्ते छान दिसत होते. वरून तांबूस, खमंग. दिसतात तसे झाले असणार, असं धरून आम्ही डबा भरला आणि पोचवला. अर्ध्या तासाने आजींचा फोन आला.

"अगं, एक कोफ्ता मोडून बघितला, मध्ये गुलाबी दिसतंय. हे शिजलंय ना नक्की?"

आणि आम्हाला उत्तर देता येईना. शिजलेलं असेलही, कारण कोंबडीचा खिमा कधीकधी पूर्ण शिजूनही आत गुलाबी राहतो. पण नसेलही. किमो चालू असताना अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. अर्धवट शिजलेल्या चिकनमधल्या साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूंनी आपल्यासारख्या धडधाकट माणसाचं पोट बिघडतं. अशा रुग्णाला मात्र हॉस्पिटलात भरती व्हावं लागू शकतं. "असेल शिजलेलं" यावर तिथे भागत नाही.

आम्ही म्हणालो, "आजी, टाकून द्या सगळं. मुलांनाही देऊ नका."

त्या रात्री त्या घरात डब्याऐवजी सूप आणि ब्रेड खाल्ला गेला. आमच्या स्वयंपाकघरात मात्र बराच वेळ कुणी बोललं नाही. तीस-तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या आम्ही बायका आणि दोन हौशी पुरुष! अंदाजपंचे दाहोदरसे हाच आपला खाक्या. मीठ अंदाजाने, तिखट अंदाजाने, पाणी अंदाजाने, आणि ते बरोबरही येतं. पण चिकन आतून शिजलं की नाही, हे अंदाजाने ठरवायचं नसतं, हे त्या बुधवारी कळलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही थर्मामीटर आणला.

साहित्य (६ जणांसाठी, सुमारे ४० कोफ्ते)

चिकन खिमा – २ पौंड (सुमारे ९०० ग्रॅम)
जाडे पोहे – पाऊण कप
दूध – अर्धा कप (लागल्यास २ टेबलस्पून जास्त)
अंडं – १
कांदा – १ मोठा, अगदी बारीक चिरून
आलं-लसूण वाटण – १ टेबलस्पून
कोथिंबीर – अर्धा कप, बारीक चिरून
धणे-जिरे पूड – २ टीस्पून
हळद – अर्धा टीस्पून
गरम मसाला – १ टीस्पून
मीठ – २ टीस्पून
तेल – ३ टेबलस्पून, वर लावायला थोडं वेगळं

हिरवी मिरची आणि लाल तिखट मुद्दामच लिहिलेलं नाही. ते रश्श्यात येईल. कोफ्ते सौम्य ठेवले की एका ट्रेतून तीन प्रकारची ताटं वाढता येतात.

खिमा कुठला घ्यावा?

दुकानात दोन प्रकारची पाकिटं दिसतात. एक नुसत्या छातीच्या मांसाचं, जवळजवळ चरबी नसलेलं. दुसऱ्यात मांडीचं मांस असतं. तब्येतीचा विचार करून हात पहिल्याकडे जातो, पण ओव्हनमध्ये त्याचे कोफ्ते लाकडासारखे होतात. शक्यतो मांडीचा खिमा घ्या, किंवा दोन्ही निम्मे-निम्मे. तळायचं वगळलं की बरंच तेल आधीच वाचलेलं असतं, तेव्हा एवढी चरबी चालायला हरकत नाही. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल त्यांनी अर्थात ते पाळावं.

कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

आणि हो, खिमा धुवायचा नाही! आपल्याकडे चाळणीत घालून, हळद लावून खळखळून धुवायची सवय आहे. आमच्या गटातल्या एका मावशींना हे पटायला तीन आठवडे लागले. "न धुतलेलं चिकन? शी!" पण धुतल्याने जंतू जात नाहीत. ते पाण्याच्या तुषारांबरोबर सिंकमध्ये, ओट्यावर आणि शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. जंतू मरतात ते उष्णतेने. अमेरिकेचं कृषी खातंही न धुण्याचाच सल्ला देतं. शिवाय धुतलेल्या खिम्यात पाणी राहतं आणि गोळे वळत नाहीत ते वेगळंच.

कोफ्ते कोरडे का होतात?

तळताना वरचं आवरण पटकन धरतं आणि तेलाचा ओलावाही मिळतो. ओव्हनच्या कोरड्या हवेत तसं होत नाही. मांसातली प्रथिनं तापली की आकसतात आणि फडकं पिळावं तसं आतलं पाणी बाहेर ढकलतात. चरबी कमी असली की हे जास्तच जाणवतं.

यावर युरोपातल्या स्वयंपाकघरांत जुना उपाय आहे : दुधात भिजवलेला ब्रेड खिम्यात कालवायचा. ब्रेडमधला स्टार्च दूध धरून ठेवतो आणि मांसाच्या कणांच्या मध्ये बसतो, त्यामुळे ते एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत. आम्ही ब्रेडच्या जागी पोहे घेतले. कटलेट बांधायला आपण पोहे वापरतोच, हेही त्यातलंच. पोहे तांदळाचे असल्यामुळे ज्यांना गहू चालत नाही त्यांनाही हे कोफ्ते खाता येतात (पाकिटावरची सूचना मात्र वाचा). दूध चालत नसेल तर तेवढंच चिकन स्टॉक किंवा साधं पाणी वापरा.

भाजलेल्या डाळ्याचं कूटही आम्ही घालून पाहिलं. चव सुरेख येते, पण कोफ्ते घट्ट होतात. आजींच्या कवळीला पोह्यांचेच मानवले.

कृती

१. पोहे मिक्सरमधून एकदाच फिरवून जाडसर करा. दूध घालून १० मिनिटं ठेवा. बोटांनी चेचल्यावर मऊ लगदा व्हायला हवा. कोरडा वाटला तर आणखी थोडं दूध घाला.

२. १ टेबलस्पून तेलावर कांदा मऊ होईपर्यंत परता, शेवटी आलं-लसूण घालून मिनिटभर परता आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम कांदा खिम्यात घालायचा नाही. कच्चा कांदा घातला तर पाणी सुटतं आणि कोफ्ते फुटतात.

३. मोठ्या भांड्यात पोह्यांचा लगदा, अंडं, गार झालेला कांदा, कोथिंबीर, सगळे मसाले, मीठ आणि उरलेलं २ टेबलस्पून तेल आधी नीट एकजीव करा. खिमा सर्वांत शेवटी घाला.

४. आता हलक्या हाताने कालवा. कणीक मळल्यासारखं मळायचं नाही. मीठ लागलेलं मांस जितकं मळाल तितकं चिवट होतं आणि कोफ्ता रबरी चेंडूसारखा लागतो. मिश्रण सारखं झालं की थांबा. मऊ वाटेल, तसंच हवं. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे वळायला सोपं जातं.

५. मीठ-मसाला बघायला कच्चं मिश्रण चाखू नका. चमचाभर मिश्रणाची छोटी टिक्की तव्यावर पूर्ण शिजवून मग चव घ्या.

६. ओव्हन ४०० अंश फॅरनहाइटला (सुमारे २०० सेल्सिअस) तापत ठेवा. ट्रेवर पार्चमेंट पेपर घालून त्याला तेलाचा हात फिरवा.

७. ओल्या हाताने दीड इंच जाडीचे, छोट्या लिंबाएवढे गोळे वळा. सगळे एकाच मापाचे हवेत. एक आवळ्याएवढा आणि दुसरा पेरूएवढा झाला की एक करपतो आणि दुसरा कच्चा राहतो. आमच्याकडे आइस्क्रीमचा छोटा स्कूप आहे, त्याने काम झटपट होतं. दोन गोळ्यांमध्ये थोडी जागा सोडा, वरून ब्रशने तेल लावा.

८. मधल्या रॅकवर १६ ते २० मिनिटं भाजा. दोन ट्रे एकदम ठेवले तर १० मिनिटांनी त्यांची अदलाबदल करा, आणि वेळही थोडा जास्त लागेल हे धरून चाला.

९. आता थर्मामीटर. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. हा भाग गाळू नका.

१०. बाहेर काढून ५ मिनिटं तसेच राहू द्या. लगेच हलवले तर तुटतात.

१६५ हा आकडा

कोंबडीचं मांस, खिमा असो की तुकडे, आतून १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) झालं पाहिजे. हा आकडा आमच्या गटातल्या प्रत्येकाच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे.

अख्ख्या तुकड्यापेक्षा खिम्याला जास्त जपावं लागतं. तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, पण खिमा करताना बाहेरचा भाग आत जातो आणि जंतू सगळीकडे पसरतात. म्हणून वरून खमंग दिसणं पुरेसं नाही. अगदी मध्यभाग तापला पाहिजे.

रंगावर जाऊ नका. गुलाबी असलेलं शिजलेलं असू शकतं आणि पांढरं दिसणारं कमी शिजलेलं असू शकतं. आजींचा प्रश्न बरोबर होता, पण उत्तर डोळ्यांनी मिळणारं नव्हतं.

थर्मामीटरचं टोक कोफ्त्याच्या बाजूने आत घाला, बरोबर मध्यापर्यंत. आरपार जाऊन ट्रेला लागलं तर ट्रेचं तापमान दिसेल. सर्वांत मोठा कोफ्ता, ट्रेच्या मधला एक आणि कोपऱ्यातला एक असे किमान तीन तपासा. एकही १६५च्या खाली असला तर सगळा ट्रे परत आत, आणि ३ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मधल्या वेळात टोक साबणाच्या गरम पाण्याने धुवा, नाहीतर कच्च्यातले जंतू शिजलेल्याला लागतील.

थर्मामीटर बरोबर आहे ना, हे बघायला ग्लासभर बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि टोक त्यात धरा. ३२ अंश दाखवायला हवं.

एक फायदा आम्हाला नंतर लक्षात आला. पूर्वी भीतीपोटी आम्ही चिकन अर्धा-अर्धा तास जास्त शिजवत होतो आणि ते चोथा होत होतं. आता १६५ झालं की बाहेर. कोफ्ते सुरक्षितही होतात आणि रसरशीतही राहतात.

एक ट्रे, तीन ताटं

मोठ्यांसाठी रस्सा : कांदा-लसूण परतून त्यात दोन टोमॅटो, हळद, कांदा-लसूण मसाला चवीप्रमाणे, मग कपभर नारळाचं दूध आणि लागेल तसं पाणी. उकळी आली की भाजलेले कोफ्ते सोडून ५ मिनिटं मंद आचेवर ठेवा. सोबत भाकरी किंवा पोळी. सासऱ्यांनी पहिल्याच घासाला "जरा तिखट कमी आहे" म्हटलं, म्हणजे पदार्थ जमला असं समजावं!

मुलांसाठी : स्पॅगेटी आणि साधा टोमॅटो सॉस, वर तेच कोफ्ते.

आजारी माणसासाठी : मऊ भात आणि दोन-तीन कोफ्ते मोडून. किमोमध्ये पुष्कळांच्या तोंडाला धातूसारखी चव येते आणि गरम अन्नाचा वास नकोसा होतो. वहिनींना वाफाळता डबा नको असायचा, ताटात वाढून थोडं निवलेलं बरं वाटायचं. त्यांना लिंबू चालत होतं. काहींचं तोंड सोललेलं असतं, त्यांना लिंबू झोंबतं. म्हणून आधी विचारून घ्या. पथ्याच्या बाबतीत त्यांच्या डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा शब्द शेवटचा, आमचा नव्हे.

डबा पोचवताना

शिजलेलं अन्न ४० ते १४० अंश फॅरनहाइटच्या मध्ये रेंगाळलं की जंतू भराभर वाढतात. म्हणून डबा एकतर चांगला गरम न्यायचा, नाहीतर पूर्ण थंड. कोमट डबा नको. बाहेर राहिलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. ते नाही जमलं तर टाकून द्यायचं, जीव कितीही हळहळला तरी.

थंड करताना खोल स्टीलच्या डब्यात ढीग करू नका. मधला भाग तासन् तास गरम राहतो. पसरट भांड्यात एका थरात ठेवा. फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस राहतात. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चव टिकते : आधी ट्रेवर सुटे गोठवा, मग पिशवीत भरा, म्हणजे हवे तेवढेच काढता येतात. पुन्हा गरम करतानाही आतून १६५ झालं पाहिजे, मग रुग्णाला हवं तर ताटात निवू द्या.

डब्यावर लेबल लावा. पदार्थाचं नाव, बनवल्याची तारीख, अंडं-दूध-नारळ आहे का, आणि कसा गरम करायचा. दमलेल्या घराला फोन करून विचारायला लावू नका.

शेवटचं

फसलेल्या बुधवारनंतर पुढच्याच बुधवारी आम्ही पुन्हा कोफ्ते नेले. या वेळी लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : "आतून १६८ अंश. तीन कोफ्ते तपासले." रात्री आजींचा फोन आला. वहिनी आठवड्याभराने पहिल्यांदा खोलीतून उठून सगळ्यांबरोबर टेबलावर बसल्या होत्या. भाताबरोबर तीन कोफ्ते खाल्ले. धाकट्याने सहा खाल्ले आणि आईच्या ताटातला चौथा मागितला. "तिनं दिलाही," आजी म्हणाल्या, आणि मग जरा वेळ थांबून, "हसली गं आज."

वहिनींचे उपचार २०२३च्या उन्हाळ्यात संपले. आता त्याही डबा गटात आहेत. त्यांच्याकडे लेबलं लिहायचं काम आहे, आणि वरचा लेबलाचा परिच्छेद त्यांनीच सांगितला आहे. तारीख नसलेला डबा त्या आमच्या हातून परत घेतात!

तर मंडळी, या रविवारी करून बघा. मसाला तुमच्या अंदाजाने घाला, त्यात आम्ही लुडबूड करणार नाही. पण आच मात्र मोजून घ्या. आणि २ पौंडांच्या जागी ४ पौंडांचे केलेत, तर उरलेले फ्रीझरमध्ये टाका. तुमच्या गल्लीत, तुमच्या ऑफिसात कुणाच्या तरी घरी आज स्वयंपाक करायला कुणी उभं राहू शकत नसेल. तिथे एक डबा पोचवा, लेबल लावून.

 डबा गटात नववं घर म्हणून यायचं असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जेवणाच्या टेबलापाशी आम्हाला गाठा. ओळखायला सोपं आहे : ज्यांच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर दिसेल, ते आम्ही!

– आपला, डबा गट